सेटल व्हायचं वय

'सेटल' हा शब्द मराठीत कधी शिरला कोण जाणे, पण शिरला तो थेट हॉलमधल्या सोफ्यावर जाऊन बसला आणि आता उठायचं नाव घेत नाही. लग्नाचा हॉल असो, बारसं असो की सोसायटीची लिफ्ट, आपल्या वयाचं कुणी दिसलं की प्रश्न ठरलेला. "मग, सेटल झालात का?" त्याची चेकलिस्टही ठरलेली. नोकरी (पर्मनंट हवी), फ्लॅट (ईएमआयवर चालेल), लग्न (न करून चालणार नाही) आणि मग यथावकाश बाळ. चारही खणांत टिक पडली की माणूस सेटल. एकदा झाला की झाला. नंतर अनसेटल व्हायची सोय त्या चेकलिस्टमध्ये नाही.

आज ज्या दोघांबद्दल लिहितेय त्यांच्या सगळ्या टिक कधीच्याच पडल्या होत्या. स्वतःचं घर, पेन्शन, तीन मुलं, सात नातवंडं, अंगणात सफरचंदाची दोन झाडं. काका 68 वर्षांचे, काकू 66. आणि या वयात ते चार बॅगा भरून निघाले कुठे? तर उलानबातरला!

उलानबातर म्हणजे मंगोलियाची राजधानी. जगातली सगळ्यात थंड राजधानी अशी तिची ख्याती. समुद्रसपाटीपासून साधारण 1,300 मीटर उंचीवर, चहूबाजूंनी डोंगर, मधून तूल नदी, जी हिवाळ्यात गोठून रस्त्यासारखी दिसते. देशाची लोकसंख्या 35 लाखांच्या आसपास आणि त्यातले जवळपास निम्मे या एका शहरात. जानेवारीच्या रात्री पारा उणे 30 ला टेकतो आणि कुणी त्याची बातमीही करत नाही.

चौथा मजला, समोरचं दार

2024 च्या फेब्रुवारीत मी तिथे गेले ती कॅशमिअरच्या स्टोरीसाठी. चीननंतर सगळ्यात जास्त कॅशमिअर मंगोलियातून येतं. त्या हिवाळ्यात तिथे 'झुड' पडला होता, म्हणजे असला भयंकर हिवाळा की बर्फाखालचं गवत जनावरांना मिळतच नाही. लाखो जनावरं दगावली होती. स्टोरी गंभीर होती, बजेट विनोदी होतं, त्यामुळे हॉटेलऐवजी एका जुन्या सोव्हिएत पद्धतीच्या इमारतीत खोली घेतली. समोरच्या दारावर इंग्रजीत 'वेलकम' लिहिलेली लोकरीची पाटी. दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठ पडली. उंच, पांढऱ्या केसांचे काका आणि त्यांच्या कोपराला धरून एकेक पायरी उतरणाऱ्या काकू.

दोघांच्या कोटावर काळी नेमप्लेट. एकावर 'एल्डर', दुसरीवर 'सिस्टर'. अमेरिकेतल्या युटाहून आलेलं सीनिअर मिशनरी जोडपं. ज्यांना आपण मॉर्मन म्हणून ओळखतो, त्या 'चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'चं. (2018 पासून 'मॉर्मन' हे टोपणनाव वापरू नका, असा त्यांच्या चर्चचा आग्रह आहे.) सूट-टाय घालून जोडीजोडीनं फिरणारी त्यांची विशी-बाविशीतली मुलं तुम्ही सिनेमात पाहिली असतील. पण याच चर्चमध्ये रिटायर झालेल्या नवरा-बायकोनंही असं जायची पद्धत आहे. सहा महिन्यांपासून जवळजवळ दोन वर्षांपर्यंत. पगार शून्य. राहण्या-जेवणाचा खर्च मुख्यतः स्वतःच्या खिशातून. आणि जायचं ते दोघांनी मिळूनच.

नावं छापू नकोस म्हणाले, म्हणून या लेखात ते काका आणि काकूच. तसेही माझ्या डोक्यात ते पहिल्या दिवसापासून तेच होते.

हीटर, टोपी आणि पेंग्विन

आपल्याला वाटतं थंड शहर म्हणजे माणूस सतत कुडकुडतोय. चूक! काकूंची पहिली तक्रार होती ती उकाड्याची. उलानबातरच्या इमारती सोव्हिएत काळातल्या सेंट्रल हीटिंगवर चालतात. वीज केंद्रांतून गरम पाणी जाड पाइपांतून घराघरात येतं. साधारण 15 सप्टेंबरला ते सुरू होतं आणि 15 मेच्या सुमाराला बंद. आपल्या घरात कमी-जास्त करायचं बटण बहुतेक ठिकाणी नाहीच. त्यामुळे बाहेर उणे 25 आणि आत माणूस टी-शर्टमध्ये खिडकी उघडून बसलेला. हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, म्हणून काकूंनी रेडिएटरवर पाण्याची भांडी ठेवलेली.

मग बाहेर पडायचं. थर्मल, त्यावर लोकर, त्यावर कोट, पायात उंटाच्या लोकरीचे मोजे. काकूंनी घड्याळ लावून मोजलं होतं, सुरुवातीला दोघांना तयार व्हायला बावीस मिनिटं लागायची. आता नऊ. बाहेर पडल्यावर पहिल्या श्वासाला नाकातला ओलावा गोठतो आणि आत कुणी बारीक सुया टोचल्यासारखं वाटतं. मोबाइल खिशातून काढला की बॅटरी मान टाकते. फुटपाथवर आइसक्रीम विकायला फ्रीज लागत नाही, पुठ्ठ्याचा खोका पुरतो. (हो, लोक तिथे हिवाळ्यात रस्त्यावर आइसक्रीम खातात. मीही खाल्लं. हात गोठले, आइसक्रीम मस्त होतं.)

थंडीपेक्षा वाईट धूर. शहराच्या कडेनं डोंगरउतारावर 'गेर' वस्त्या पसरल्यात. गेर म्हणजे नमद्याचा गोल तंबू. शहरातली निम्म्याहून जास्त माणसं या वस्त्यांमध्ये राहतात. तिथे हीटिंगचे पाइप पोचलेले नाहीत, म्हणून प्रत्येक घरात कोळशाची शेगडी. डोंगरांच्या वाटीत थंड हवा खाली बसते आणि धूर तिच्यात अडकतो. 2019 च्या मे महिन्यात सरकारनं कच्चा कोळसा जाळायला बंदी केली आणि त्याऐवजी कोळशाच्या विटा दिल्या. तरी हिवाळ्यातल्या संध्याकाळी डोळे चुरचुरतात ते चुरचुरतातच.

आणि सगळ्यात वाईट तो बर्फ. भुसभुशीत, फोटोजेनिक बर्फ नव्हे. पायांनी दाबून दाबून काच झालेला. "पेंग्विनसारखं चालायचं," काकांनी मला शिकवलं. "पावलं छोटी, वजन पुढच्या पायावर, हात खिशाबाहेर." ज्ञान अनुभवाचं होतं. सप्टेंबर 2023 मध्ये ते आले आणि नोव्हेंबरमध्ये बसस्टॉपवर घसरून काकांचं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

"तोपर्यंत आम्ही इथे आलो होतो," काकू म्हणाल्या. "राहायला लागलो ते त्यानंतर."

मालगै, मालगै!

हे वाक्य मला तेव्हा कळलं नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं.

पहिले दोन महिने सगळं काकांच्या हातात होतं. बसचे नंबर, दुकानातला हिशोब, नकाशा. मंगोलियन भाषा रशियन लिपीत लिहितात, वर दोन जास्तीची अक्षरं. काका पाट्या वाचायचे, काकू मागून चालायच्या. सीनिअर जोडप्यांनी भाषा शिकलीच पाहिजे अशी सक्ती नसते, त्यामुळे काकूंनी ती शिकायच्या भानगडीत पडायचं नाही असं ठरवलेलं. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई. पण इथे दुकानात बोट दाखवून बटाटे मागायची वेळ आलेली. "वर्गात चाळीस मुलांना गप्प करणारी मी, आणि इथे मलाच बोलता येत नव्हतं."

मग काकांचा हात प्लास्टरमध्ये गेला आणि काकू एकट्या बाहेर पडल्या. पहिल्याच दिवशी बसच्या गर्दीत कुणाचा तरी पाय त्यांच्या पायावर पडला. आणि त्या माणसानं हात पुढे केला. काकू घाबरल्या. पाकीट घट्ट धरलं. मग बघतात तर तो नुसता हात मिळवून पुढे गेला. मंगोलियात असंच असतं. पाय लागला की लगेच हात मिळवायचा, म्हणजे मनात काही राहत नाही. (आपल्याकडे पाय लागला की हात लावून तो हात छातीला नेतात, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या किती खूश झाल्या!)

दुसऱ्या आठवड्यात त्या घाईत टोपी न घालताच खाली उतरल्या. अंगणात तिसऱ्या मजल्यावरच्या आजी उभ्या होत्या. एकाहत्तर वर्षांच्या, आयुष्यभर छापखान्यात नोकरी केलेल्या, इंग्रजीचा एक शब्द येत नसलेल्या. त्यांनी काकूंना पाहिलं आणि अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू झाल्या. "मालगै! मालगै!" मालगै म्हणजे टोपी. एवढ्यावर थांबल्या नाहीत, दंड धरून काकूंना परत जिन्यापर्यंत आणलं.

"त्या दिवशी मला पहिल्यांदा इथे बरं वाटलं," काकू म्हणाल्या. "दोन महिने सगळे माझ्याशी फार छान वागत होते. पाहुण्याशी वागतात तसे. रागावलं कुणीच नव्हतं."

संध्याकाळी त्या आजी मटणाचं सूप घेऊन वर आल्या, काकांच्या हाडासाठी. भाषा नसताना दोघी तासभर बसल्या. तेव्हापासून काकूंनी वही घातली. रोज पाच शब्द. आजींना हाक मारतात 'एमे', म्हणजे आजी. इथे प्रत्येक म्हाताऱ्या बाईला तसंच म्हणतात.

चहाशिवाय चहा

आता एक खरी पंचाईत ऐका. मंगोलियात घरी गेलात की सगळ्यात आधी येतो 'सूतै त्साय'. दूध घातलेला खारट चहा. वाडगा उजव्या हातानं किंवा दोन्ही हातांनी घ्यायचा, नको असला तरी निदान ओठाला लावायचा. नाही म्हणणं म्हणजे घरालाच नाही म्हणणं. आणि या चर्चचा 1833 पासूनचा नियम काय? दारू नाही, तंबाखू नाही, कॉफी नाही... आणि चहाही नाही!

विचार करा, तुमच्या घरी पाहुणे आले आणि पाणी, चहा, दोन्हीला नको म्हणाले. आई त्यांच्याबद्दल आठ दिवस बोलेल.

काकू सुरुवातीला वाडगा हातात घेऊन नुसत्या बसायच्या. निवला की घरची मंडळी ओशाळायची, त्याही ओशाळायच्या. तोडगा एमेंनीच काढला. मंगोलियात 'ह्यारम' नावाचा एक प्रकार असतो. उकळतं पाणी आणि दूध. चहाची पत्ती नसतेच. एमेंनी पुढच्या वेळी तोच वाडग्यात ओतला आणि डोळे मिचकावले. नियम मोडला नाही आणि कुणाचा मानही गेला नाही. मी तो प्यायले. आपल्या जिभेला तो पाणचट दुधासारखाच लागतो. पण उणे 20 मधून आत आल्यावर वाडग्याभोवती दोन्ही तळवे धरले की चवीचं काही वाटत नाही.

चांद्र नववर्षाला, म्हणजे 'त्सगान सार'ला, एमेंनी दोघांना जेवायला बोलावलं होतं. टेबलावर बूझ, म्हणजे मटणाचे वाफवलेले मोदक म्हणा हवं तर. त्या दिवशीचा नमस्कार वेगळाच असतो. दोघांनी हात पुढे करायचे. लहान असेल त्यानं आपले हात मोठ्याच्या कोपराखाली धरायचे, आधार दिल्यासारखे. नवरा-बायको मात्र एकमेकांना हा नमस्कार करत नाहीत. काकूंना सवयीनं वाटलं, आपण पाहुणे, आपल्याला आधार मिळणार. एमेंनी आधी वय विचारलं. सहासष्ट? मग तुझे हात खाली! "साठीनंतर मला कुणी लहान म्हटलं नव्हतं," हे सांगताना काकू शाळकरी मुलीसारख्या हसत होत्या.

पण आलात कशाला?

आता तुमच्या मनात जे आलंय ते माझ्याही मनात होतं. मिशनरी म्हटलं की आपल्याकडे दोन टोकांच्या प्रतिक्रिया येतात. एकीकडे धर्मांतराचा संशय, दुसरीकडे 'आमची शाळा मिशनऱ्यांची होती, काय शिस्त!' मुंबईच्या विल्सन कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते जॉन विल्सन 1829 मध्ये पत्नीसह स्कॉटलंडहून मुंबईला आले. त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी मराठी शिकून मुलींसाठी शाळा काढल्या आणि 1835 मध्ये त्या इथेच वारल्या. त्यांचा उद्देश धर्मप्रसाराचाच होता आणि त्या शाळांत मुली लिहायला-वाचायला शिकल्या हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी एका दमात म्हणायला आपल्याला जड जातात.

मंगोलियात ही गोष्ट आणखी नाजूक. 1930 च्या दशकात कम्युनिस्ट राजवटीनं तिथले शेकडो बौद्ध मठ पाडले, हजारो लामांना ठार मारलं. 1990 मध्ये लोकशाही आली, 1992 मध्ये नवी राज्यघटना आली, धर्मस्वातंत्र्य आलं. त्याच 1992 मध्ये या चर्चची पहिली माणसं उलानबातरला पोचली. तरुण मुलं नाही हं, सहा सीनिअर जोडपी! त्यातले केनेथ बीस्ली हे युटातल्या एका कॉलेजचे माजी प्रमुख होते. सोव्हिएत मदत आटलेली, दुकानं रिकामी, रेशनिंग चालू. देशाला उच्च शिक्षणाची घडी बसवायला आणि इंग्रजी शिकवायला माणसं हवी होती आणि ही जोडपी त्यात मदतीला लागली.

गंमत म्हणजे, त्यांच्याही आधी तिथे आपला एक सीनिअर माणूस पोचला होता. तुमच्यापैकी जे बाइकवरून किंवा विमानानं लेहला गेलेत, त्यांनी विमानतळावर एक नाव वाचलं असेल. कुशोक बकुला रिंपोचे. लडाखचे बौद्ध भिक्षू, माजी खासदार. सत्तरी ओलांडल्यावर 1990 मध्ये भारतानं त्यांना मंगोलियात राजदूत म्हणून पाठवलं. राहिले किती? दहा वर्षं! मोडलेली बौद्ध परंपरा पुन्हा उभी राहावी म्हणून झटले. 1999 मध्ये उलानबातरमध्ये मठ उभारला. तिथली माणसं त्यांना 'एल्चिन बाग्श' म्हणायची, म्हणजे राजदूत-गुरुजी. अर्थात त्यांचं येणं आणि अमेरिकन जोडप्यांचं येणं सारखं नाही. बकुला तिथल्या लोकांचा स्वतःचा, हिरावलेला धर्म परत द्यायला मदत करत होते. हे लोक नवा आणतायत. म्हणून परदेशी मिशनऱ्यांकडे संशयानं बघणारेही मंगोलियात आहेत.

मी काकूंना सरळ विचारलं. "तुम्ही इथे माणसं तुमच्या धर्मात यावीत म्हणूनच आलात ना?"

"आली तर मला आनंद होईल, खोटं कशाला बोलू?" त्या म्हणाल्या. "पण इंग्रजीच्या वर्गात मी इंग्रजीच शिकवते. एमे आजही रोज सकाळी दुधाचे थेंब आकाशाकडे उडवून तिची पूजा करते. मी शेजारी उभी असते. तिला मी काही म्हणत नाही, ती मला काही म्हणत नाही."

हे उत्तर मला पूर्ण पटलं का? नाही. उद्देश मनात ठेवून केलेली मैत्री पूर्ण मोकळी असते का, हा प्रश्न माझ्याकडे शिल्लक आहे. पण त्यांनी उत्तर लपवलं नाही, हेही नोंदवायला हवं.

नातवंडं कोण सांभाळणार?

काकांचं काम चर्चच्या तरुण मुलांच्या फ्लॅट्सवर लक्ष ठेवायचं. हीटर गळतोय का, विषारी वायूचा अलार्म चालतो का, आणि पोरं नीट जेवतायत का. अठरा-एकोणीस वर्षांची मुलं, घरापासून लांब. शुक्रवारी संध्याकाळी ती काकूंकडे पॅनकेक खायला यायची. काकू आठवड्यातून चार दिवस शाळेतल्या शिक्षकांना इंग्रजी संभाषण शिकवायच्या. त्यांच्या वर्गात एका तरुणाचं नाव होतं अंगारग. एका बाईंचं सुम्या. मी नावांची यादी बघितली आणि उडालेच. अंगारग म्हणजे आपला अंगारक, मंगळ! सुम्या म्हणजे सोम. मंगोलियन भाषेत ग्रहांची नावं संस्कृतातून आलीयत, बौद्ध धर्माबरोबर प्रवास करत. बुध तिथे 'बुद', बृहस्पती 'बार्हासबाद'. मी अंगारकी चतुर्थी समजावून सांगितली, त्यावर अख्ख्या वर्गानं माझ्या नावानं टाळ्या वाजवल्या.

हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, काय मस्त रिटायरमेंट! थांबा.

काकूंच्या धाकट्या मुलीला त्यांचं जाणं अजिबात मान्य नव्हतं. तिला दोन लहान मुलं, स्वतःची नोकरी. ती म्हणाली, "मला तुझी गरज आत्ता आहे आणि तू परक्यांच्या मुलांना पॅनकेक करून घालायला चाललीस." निघायच्या आधी दोन महिने ती आईशी धड बोलली नाही. काकू असतानाच तिला तिसरं बाळ झालं. उलानबातर आणि युटामध्ये हिवाळ्यात पंधरा तासांचं अंतर. रविवारी सकाळी आठला काकू स्क्रीनसमोर बसायच्या, तिकडे शनिवार संध्याकाळचे पाच. बाळ स्क्रीनवर दिसायचं. मुलगी मोजकंच बोलायची.

"तिचं चुकतंय का?" मी विचारलं.

"नाही," काकू म्हणाल्या. मग बराच वेळ गप्प बसल्या. "पण माझंही चुकत नाहीये."

हे ऐकताना मला आपलेच आई-बाबा दिसत होते. टोरांटो, शिकागो, मिनिआपोलिसला बाळंतपणासाठी जाणारे. बॅगेत डिंकाचे लाडू, मेतकूट, कुकरची शिटी. तेही साठी-पासष्टीचे, तेही बर्फात. पण फरक बघा. काका-काकू उलानबातरला गेले तेव्हा तिथे त्यांचं स्वतःचं काम होतं, स्वतःचा किल्ल्यांचा जुडगा होता, त्यांच्यावर ओरडणारी शेजारीण होती. आपले आई-बाबा सहा-सहा महिने जातात ते मुलाच्या दिवाणखान्यात. गाडी चालवता येत नाही, बस माहीत नाही, ओळखीचं कुणी नाही. मुलगा-सून ऑफिसला गेली की बाळ झोपवायचं आणि खिडकीतून बर्फ बघायचा. संध्याकाळी आपण त्यांना विचारतो, "काय मग, बोअर नाही ना झालं?" ते म्हणतात, "छे छे!" आणि आपण त्यावर विश्वास ठेवतो, कारण ठेवणं सोयीचं असतं.

थंडी त्यांना आजारी पाडत नाही, पुरेसे कपडे असतात. कुणाचं तरी काम आपल्यावाचून अडणं आणि आपलं कुणावाचून तरी अडणं, घरच्यांखेरीज, हे तिथे नसतं. काकूंना ते मनगट मोडल्यावर मिळालं. तोपर्यंत त्याही खिडकीतच होत्या.

मार्च 2025 मध्ये काका-काकूंचे अठरा महिने संपले आणि ते युटाला परतले. काकूंचा मेल आला होता. मुलगी विमानतळावर आली होती. अजून सगळं पहिल्यासारखं नाही, पण बाळ आता ओळखायला लागलंय. आणि एमेनं निरोपाच्या वेळी उंटाच्या लोकरीचे मोजे दिले. काकू तिला महिन्यातून एकदा फोन करतात. बोलायला वहीतले शब्द पुरत नाहीत, मग दोघी नुसत्या हसतात.

यंदा नोव्हेंबरमध्ये माझी आई दादाकडे एडमंटनला चाललीय. पहिल्यांदाच, पाच महिन्यांसाठी. बँकेतनं रिटायर झालेली बाई, तीस वर्षं कॅश काउंटर सांभाळलेला. दादानं तिच्यासाठी जाड कोट, टीव्हीवर मराठी चॅनल्स आणि वेगळी खोली, सगळं तयार ठेवलंय. मी त्याला आणखी तीन गोष्टी मागितल्यात. घराची स्वतंत्र किल्ली. बसचा पास आणि पहिल्या आठवड्यात तिच्याबरोबर बसनं दोन फेऱ्या. आणि घरापासून चालत जाता येईल अशी एखादी लायब्ररी किंवा सेंटर, जिथे ती आठवड्यातून दोन दिवस काहीतरी काम करेल, बाळाशिवायचं. दादा म्हणाला, "अगं, पण ती घसरली तर?"

मी त्याला पेंग्विनसारखं चालायचा व्हिडिओ पाठवलाय. आईनं तो आमच्या पॅसेजमध्ये सँडल घालून करूनही बघितला. बाबा हसत होते. ती म्हणाली, "हसू नका, तुम्हालाही यायचंय मागाहून."